पूर्वज विकत मिळतील!

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग निघतो, माळ्यावरची भांडी खाली येतात आणि भिंतीवर काय टांगावे याचा घरात खल सुरू होतो. पूर्वी या भिंतीवर देवाची तसबीर, आजोबांचा टोपीतला फोटो आणि वाण्याने दिलेले कॅलेंडर असा सरळ मामला असे. आता तिथे चौकटीतली वंशावळ येऊन बसू लागली आहे. खाली झाडाचे खोड, वर फांद्या, पानापानावर नावे आणि मुळाशी एक मुकुटधारी राजा! गृहस्थ अंधेरीच्या एखाद्या कंपनीत हिशेब लिहितात. आपला पणजोबा कोणत्या साली वारला हे त्यांना सांगता येत नाही. परंतु आठशे वर्षांपूर्वीचा मूळ पुरुष कोणत्या लढाईत कोणत्या रंगाच्या घोड्यावर बसला होता, हे त्यांस तोंडपाठ असते.

आमच्या साकीनाक्याच्या शाळेतही असा एक विक्रेता येऊन गेला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्याने जाड कागद उलगडला आणि म्हणाला, "मास्तर, आडनाव सांगा, कुळी काढून देतो." दर तीन होते. गावापर्यंतची वंशावळ स्वस्त, राजघराण्यापर्यंतची त्याहून महाग, आणि थेट सूर्यचंद्रापर्यंतची सर्वांत महाग. आम्ही विचारले, "मधली नावे सापडली नाहीत तर?" तो प्रसन्नपणे हसला. "त्याची काळजी नको. ती आम्ही भरून देतो."

या 'भरून देतो'शीच आमचे भांडण आहे. पूर्वजांची आठवण ठेवण्याशी नाही. ज्या घरात पणजीचे नाव नातवंडांना ठाऊक असते, त्या घराला आम्ही श्रीमंत म्हणतो. भांडण आहे ते मधल्या रिकाम्या जागा खोट्या नावांनी बुजवण्याशी. आम्ही कादंबऱ्या लिहितो. म्हणजे पूर्वज तयार करणे हा आमचाही धंदाच आहे. मॅट्रिकच्या पुढे आमची मजल गेली नसली तरी कारखान्यातला माल ओळखायला पदवी लागत नाही. खोट्या वंशावळीचे कथानक ठरलेले असते. राज्य बुडते. एक धाकटा राजपुत्र दाईच्या कडेवर बसून निसटतो. डोंगराआडच्या गावात तो नाव बदलून राहतो. मग तीनशे वर्षे अंधार, आणि अंधारातून त्याचा वंशज एकदम पाटीलकीची सनद घेऊन बाहेर येतो! हेच कथानक आम्ही प्रकाशकाकडे नेले तर तो म्हणेल, "मास्तर, हे फार वापरून झाले आहे." वंशावळीत मात्र ते अजून नवे कोरे म्हणून खपते.

हा रोग आजचा नव्हे. त्यासाठी दूर जायलाही नको. ज्या मातीवर आमचे साकीनाके उभे आहे, तिथल्याच जुन्या राजांपासून आरंभ करू. मुंबईच्या उत्तरेची ही साष्टी शिलाहारांच्या लेखांत 'षट्षष्टी विषय' म्हणून येते. श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, ही त्यांची राजधानी. सुमारे इ. स. ८०० पासून १२६५ पर्यंत, साडेचारशे वर्षे या घराण्याने उत्तर कोकणावर राज्य केले. आज मेट्रोखालून ज्या अंधेरी-कुर्ला रस्त्याने आम्ही शाळेला जातो, तो सारा प्रदेश त्यांचाच.

आता या राजांची कुळी पाहा. त्यांच्या ताम्रपटांत मूळ पुरुष म्हणून येतो जीमूतवाहन: गरुडाच्या तोंडातून नागाला वाचवण्यासाठी स्वतःचा देह देणारा विद्याधर राजपुत्र. हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा हाच नायक. म्हणजे ठाण्याच्या राजांनी आपला आजा रंगभूमीवरून उचलला! गंमत अशी की, ज्या गरुडाने मूळ पुरुषाला चोचीने फोडले, तोच गरुड त्यांच्या ध्वजावर सोन्याचा होऊन बसला. शिवाय ते स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. ठाण्याच्या राजांचे तेरवर कधी राज्य नव्हते. कोल्हापूरचे शिलाहारही हेच बिरुद लावीत. दक्षिण कोकणातली तिसरी शाखा आपला आरंभ सणफुल्ल नावाच्या पुरुषापासून सांगते. रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा खारेपाटणचा ताम्रपट त्याची साक्ष देतो. तिन्ही घरे शिलाहार, तिन्ही जीमूतवाहनाची. पण या तिघांना जोडणारा एक हाडामांसाचा पूर्वज कोणत्याही लेखात सापडत नाही.

खरे काय सापडते? सापडते ते साधे आहे, आणि म्हणूनच सुंदर आहे. पहिला कपर्दी, त्याचा मुलगा पुल्लशक्ती, त्याचा मुलगा दुसरा कपर्दी. बोरिवलीच्या अंगाला कान्हेरीच्या लेण्यांत हे बापलेक दगडावर आहेत. पुल्लशक्तीचा लेख शके ७६५ चा, म्हणजे इ. स. ८४३ चा, दुसऱ्या कपर्दीचा एक लेख शके ७९९ चा, म्हणजे ८७७ चा. आजोबाचे नाव नातवाला! आपल्या घरात बारशाला जे होते, तेच अकराशे वर्षांपूर्वी ठाण्याच्या राजवाड्यात झाले. पहिल्या कपर्दीचा बाप कोण, हे मात्र दगड सांगत नाही. त्या जागी इतिहासकार थांबतो. भाट तिथेच सुरू होतो.

पुढे तर आणखी मौज आहे. ताम्रपट हा जमिनीच्या दानाचा कागद. त्यात दात्याची वंशावळ लांबलचक येते. शिलालेख आटोपशीर, त्यात राजाचे नाव, वर्ष आणि अमात्यांची नावे आली की काम झाले. बाराव्या शतकाच्या मध्यापासून या घराण्याचे बहुतेक लेख दगडावरचे आहेत. त्यामुळे ११५० च्या सुमाराचा हरिपालदेव आणि त्याच्या मागचा मल्लिकार्जुन, ज्याचा शके १०७८ चा लेख चिपळूणला मिळाला, हे दोघे कोणाचे मुलगे, हे कळत नाही. राजे आहेत, राज्य आहे, अमात्य आहेत. बापाचे नाव नाही! वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली शिलाहारांचे लेख एका जाड ग्रंथात आणले. तेव्हापासून ते एकाशेजारी एक ठेवून वाचता येतात. जाणता अभ्यासक या दोघांपुढे 'नाते अज्ञात' असे लिहितो आणि पुढे जातो. साडेचारशे वर्षांच्या राजघराण्याला जर 'अज्ञात' शोभते, तर आमच्या-तुमच्या घराला ते का लाजिरवाणे वाटावे?

याच घराण्यातल्या पहिल्या अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीची मोठी टीका आहे. पंडित तिला 'अपरार्क' म्हणतात. वारस कोण, वाटणी कोणाला, मुलगा कोणास म्हणावे, हा त्या स्मृतीतला महत्त्वाचा विषय. तिथे मुलांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस आहे, दत्तक आहे, आणि 'क्रीत' म्हणजे विकत घेतलेलाही आहे. शास्त्रात विकत घेतलेला मुलगा आहे. विकत घेतलेला पणजोबा कुठेच नाही. तो शोध आमच्या काळाचा!

शिलाहार एकटेच असे नव्हते. बदामीच्या चालुक्यांचे राज्य आठव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूटांनी घेतले. पुढे इ. स. ९७३ मध्ये तैलपाने राष्ट्रकूटांना उखडले आणि आपण त्याच चालुक्यांचे वंशज असे सांगितले. मधली दोनशे वर्षे सांधण्यासाठी बदामीच्या राजाच्या एका भावापासून नावांची साखळी आली. एवढ्याने भागले नाही. कौथेमच्या ताम्रपटात असेही आले की, या कुळातल्या ५९ राजांनी आधी अयोध्येत राज्य केले आणि नंतर १६ जणांनी दक्षिणेत! मोजून ५९. साठ म्हटले असते तर कोणी शंका घेतली असती. एकोणसाठ म्हटले की हिशेब चोख वाटतो. ही युक्ती आम्ही कादंबरीत नेहमी करतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ च्या आपल्या दख्खनच्या इतिहासात तैलप मूळ घराण्यातला असल्याबद्दल स्पष्ट शंका घेतली. त्यामुळे तैलपाचा पराक्रम तसूभरही कमी झाला नाही.

कोणी म्हणेल, हा आपल्या लोकांचाच भाबडेपणा. मुळीच नाही! याच शतकांत युरोपात फ्रँक लोकांचे राज्य होते. आपण ट्रॉय नगरातून आलो, असे हे लोक सांगत. त्यांचे मेरोव्हिंजियन राजघराणे दुबळे झाले तेव्हा पेपिन या कारभाऱ्याने ७५१ साली शेवटच्या राजाचे केस कापून त्याला मठात बसवले आणि स्वतः गादी घेतली. त्याचा मुलगा शार्लमेन. इतका मोठा सम्राट, पण घराला कुळी हवी! या घराण्याचा जुना पुरुष म्हणजे मेत्झचा बिशप आर्नुल्फ. त्याचे आईबाप कोण, हे ठाऊक नव्हते. नवव्या शतकाच्या आरंभी मेत्झमध्ये एक वंशावळ तयार झाली. तीत जुन्या राजघराण्यातली ब्लिथिल्ड नावाची एक राजकन्या आर्नुल्फची आजी म्हणून अवतरली. त्या काळच्या कोणत्याही कागदात ही मुलगी नाही. ज्या कुळाला मठात धाडले, त्याच कुळाची काल्पनिक लेक सून म्हणून घरात आणली, आणि राज्य घेणारे एका रात्रीत राज्याचे नातलग झाले.

पण त्याच फ्रँकांच्या बाबतीत खरी विद्या कशी चालते, तेही पाहण्याजोगे आहे. सरदारांच्या घराण्यात ठरावीक नावे पुन्हापुन्हा येतात. अमुक जमीन एकाच कुटुंबात फिरते. दानपत्राखाली साक्षीला कोण उभे राहिले, त्यावरून सोयरीक कळते. ७२१ साली बर्ट्रेडा नावाच्या बाईने आपला मुलगा कारिबेर याच्यासह प्र्यूमच्या मठाला दान दिले. त्या दानपत्रामुळे शार्लमेनच्या आईचा बाप आणि आजी पक्की झाली. त्या आजीचे आईबाप कोण, यावर विद्वान अजून वाद घालतात. ते तर्क करतात, आणि तर्काला तर्क म्हणतात. सारखे नाव हे चिन्ह आहे, पुरावा नव्हे. कारण नाव आईकडूनही येते आणि धन्याची मर्जी राखण्यासाठीही ठेवले जाते. आपल्याकडे तर देवाचे नाव ठेवतात. नावावरून नाते लावू लागलो तर पंढरीच्या वाटेवरचे सारे विठोबा एकाच घरचे निघतील!

आडनावाचे तेच. शेलार म्हणजे शिलाहार, मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, साळुंखे म्हणजे चालुक्य, जाधव म्हणजे यादव. शब्दाला शब्द जुळतो, हे आम्हालाही मान्य. परंतु शब्दाची व्युत्पत्ती आणि माणसाची उत्पत्ती एक नव्हे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर हा महादेवराव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला, असे हेमाद्री सांगतो. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर हीच नौकांची लढाई कोरली आहे, असे मानतात. त्या पाण्यातून आजच्या घरापर्यंत पोचायला तीसएक पिढ्यांचा पूल लागतो. विक्रेत्याच्या कागदावर तो पूल एका दुपारी बांधून होतो.

पिढ्यांचा विषय निघालाच आहे, तर फळ्यावरचे गणित करू. प्रत्येकाला आईबाप दोन, आजे-आज्या चार, त्यांचे आईबाप आठ. दहा पिढ्या मागे गेलात की १,०२४ जागा. वीस पिढ्यांनी १०,४८,५७६. तीस पिढ्यांनी १०७ कोटींहून अधिक. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हा साडेसातशे वर्षांचा हिशेब झाला. त्या काळी साऱ्या पृथ्वीवर इतकी माणसे नव्हती! म्हणजे तेच तेच पूर्वज आपल्या सर्वांच्या झाडांत हजारो वेळा येतात. तेव्हा त्या १०७ कोटी जागांतली एक निवडून, "आम्ही अमक्या राजाचे," असे सांगण्यात कसला पराक्रम? राजाच्या शेजारी त्याचा भालदार, त्याचा कोळी आणि त्याच्या शेतावरची कुळंबीणही बहुधा तुमच्याच झाडात बसली आहे. तिला खाली उतरवण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?

इथे काही मंडळी डोळे वटारून विचारतील, "मग शिवछत्रपतींच्या वंशावळीचे काय?" विचारा, अवश्य विचारा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा गागाभट्टांसमोर सिसोदिया कुळीचा आधार ठेवला गेला. ही समजूत त्याच्या आधीपासून होती. शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्येच्या काव्यातही ती आहे. अलीकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात भोसल्यांचे मूळ दक्षिणेत, होयसळांकडे शोधले. बाबाजी, मालोजी, शहाजी, शिवाजी ही मालिका पक्की. तिच्या मागे विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आमचे म्हणणे इतकेच की, कुळीची गरज विधीला होती, राज्याला नव्हती. तोरणा, प्रतापगड, आग्रा ही नावे घेताना कोणत्या मराठी माणसाला मेवाडची साखळी आठवते? ज्यांनी आपल्या कर्तृत्वाने कुळाला नाव दिले, त्यांना कुळाने नाव दिले असे म्हणणे हाच त्यांचा उणेपणा. होळकरांनी होळ या गावाचे नाव मिरवले आणि त्याच नावाने इंदूर गाजवले. गावाचे नाव त्यांना अपुरे वाटले नाही.

"पण मास्तर, यात कोणाचे काय बिघडते? निरुपद्रवी हौस आहे." हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला. बिघडते, आणि पुष्कळ बिघडते.

पहिले म्हणजे, लग्नाच्या बैठकीत हाच कागद बाहेर निघतो. मुलगी शिकलेली आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, दोघांची मने जुळलेली आहेत, आणि कोपऱ्यातले एक काका विचारतात, "कुळी कोणती?" ज्या मुलीच्या बापाने कुळी विकत घेतलेली नसते, तो मान खाली घालतो. छापलेल्या एका खोटेपणापुढे खरा माणूस खाली पाहतो; याला निरुपद्रवी म्हणता?

दुसरे, आमच्या वर्गातली मुले. साकीनाक्याला कोणी रत्नागिरीहून आलेला, कोणी बीडहून, कोणी जौनपूर-दरभंग्याहून. बाप कारखान्यात साचे घासतो किंवा रिक्षा चालवतो. कोणाला आजोबाचे नाव ठाऊक, कोणाला तेही नाही. गाव दुष्काळात सुटले, कागद पुरात गेले. अशा मुलाच्या शेजारचा मुलगा जेव्हा "आम्ही राजघराण्यातले" म्हणून सांगतो, तेव्हा त्याला आपण कुठूनच आलो नाही असे वाटू लागते. वास्तविक दोघांचीही झाडे तेवढीच जुनी. फरक इतकाच की, एकाच्या बापाने चौकट घेतली.

तिसरे नुकसान सर्वांत मोठे. खोटी वंशावळ भिंतीवर लागली की खरे कागद रद्दीत जातात. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहून द्यावी लागते, तेव्हा आमच्या लोकांना पुराव्याचे मोल कळते. तिथे पणजोबाच्या शाळेचा दाखला लागतो, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद लागते, वारसाचा फेरफार लागतो, मोडी वाचणारा गाठावा लागतो. एक दुवा तुटला की अर्ज परत. तहसील कचेरीला पणजोबाचा कागद लागतो, आणि आपल्या दिवाणखान्याला सूर्य पुरतो! त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत आपल्याच आजोबाच्या हाताच्या नोंदी असतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर फिरून पिढ्या सांगत. ती विद्या मावळत चालली आहे. या नोंदींची नक्कल करायला कोणाला सवड नाही, आणि चौकटीला मात्र पैसे आहेत!

आणि बायका? त्या विकतच्या झाडावर बायका औषधाला नसतात. बापाला मुलगा, त्याला मुलगा, जणू घराण्यात बाळंतपण पुरुषांनीच केले! एके काळी या महाराष्ट्राचा राजा स्वतःला अभिमानाने गौतमीपुत्र म्हणवीत असे, आणि त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. मधल्या शतकांत आईचे नाव पुसले गेले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव घालण्याचा नियम आला, तेव्हा अनेकांना ते काहीतरी नवेच वाटले. ते नवे नव्हे. फार जुने कर्ज आहे.

शिलाहारांचा भांडुपला मिळालेला एक ताम्रपट आहे, छित्तराजाचा, शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा. षट्षष्टी विषयातल्या नौर गावातले एक शेत दान दिल्याची त्यात नोंद आहे. मध्य रेल्वेवरचे नाहूर ते हेच, असे मानतात. दात्याच्या पिढ्या त्यात आहेत, घेणाऱ्याचे गोत्र आहे, शेताच्या चतुःसीमा आहेत. ते शेत कसणाऱ्याचे नाव नाही. आपल्यापैकी बहुतेक जण त्या न लिहिलेल्या नावाचे वंशज आहोत. त्याच्या जागी राजाचे नाव लिहिणे म्हणजे त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा पुसणे होय.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला, मुले फटाके उडवून दमली, आणि घरातली वडीलधारी माणसे एकत्र बसली की एक कोरी वही काढा. आजीला विचारा: तुमच्या आईचे नाव काय? तिचे माहेर कोणते? कोण कधी गाव सोडून मुंबईला आले, कोणत्या गिरणीत लागले, कोण प्लेगात गेले, कोणाला दत्तक घेतले, कोणाचे नाव घरात घेत नाहीत आणि का? नावापुढे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहा. कागद असेल तर 'कागद आहे' म्हणा. ऐकीव असेल तर 'ऐकीव' म्हणा. जिथे माहिती थांबेल तिथे जागा कोरी सोडा. ती कोरी जागा कदाचित उद्या तुमची नात एखाद्या कचेरीतल्या कोतवाल बुकातून भरील. खोटे नाव घातलेत, तर ती शोधायलाच जाणार नाही.

आणि तो विक्रेता दारी आलाच, तर त्याला चिवडा-लाडू द्या, पाणी द्या, आणि त्याच्या स्वतःच्या पणजीचे नाव विचारा.